जाऊबाई नियंत्रित गटात

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. वेळ सकाळी अकराची दिली होती, सुरुवात व्हायला दुपार झाली. जागा: रायपूरच्या पुरानी बस्तीतला आमच्या महिला मंडळाचा हॉल. हजर: मंडळाच्या अध्यक्ष काकू; त्यांची सून; पंडरीत साड्यांचं दुकान असलेली वहिनी; माझी मोठी जाऊ; मंडळाच्या बाकी बायका; फोटो काढायला माझी मुलगी; आणि मी. गैरहजर: माझे मार्गदर्शक सर. ते आले असते तर पुढचं बरंच टळलं असतं.

मी शंकर नगरातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. फी, दाखले, बसचे पास, सगळं माझ्याकडे. शिवाय ज्या आईला मुलाबद्दल रडायचं असतं तीही माझ्याच टेबलासमोर येऊन रडते, कारण मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर खुर्ची नाही. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे नीट शिकून घ्यावं म्हणून मी पत्राचाराने, म्हणजे घरबसल्या, मानसशास्त्रात एम.ए. करायला घेतलं. पेपर सुटले. शेवटी उरला प्रकल्प, म्हणजे स्वतः एक छोटा प्रयोग करून लिहायचा.

विषय माझ्याकडे तयार होता. मी झोपण्याआधी उद्याच्या कामांची यादी लिहिते. गॅसचा नंबर लावणे, ब्लाउज शिंप्याकडून आणणे, टाकी धुवायला माणूस सांगणे. यादी झाली की मला झोप लागते. तेव्हा प्रश्न असा: यादी लिहिल्याने झोप लवकर लागते का?

सर माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. त्यांनी माझा कागद वाचला आणि म्हणाले, "मैडम, आपके पास जवाब पहले से है। आप बस उसके लिए सवाल ढूँढ रही हैं।"

"सर, पर जवाब सही है।"

"वही तो देखना है।"

मग त्यांनी मला समजावलं. दोन गट करायचे. एका गटाने झोपण्याआधी यादी लिहायची, तो प्रायोगिक गट. दुसऱ्याने काहीच वेगळं करायचं नाही, तो नियंत्रित गट. दोघांनीही रोज सकाळी झोपेचा फॉर्म भरायचा. कोण कुठे जाणार हे मी ठरवायचं नाही, त्यांनीही नाही, फक्त योगायोगाने ठरवायचं. दुसरा गट कशाला, तर काहीच केलं नसतं तर काय झालं असतं हे कळावं म्हणून. हे मला लगेच पटलं. आमच्या शाळेत एका वर्षी हसतमुख विद्यार्थी अशी योजना आली, मुलांची हजेरी वाढली आणि मुख्याध्यापकांचा सत्कार झाला. त्याच वर्षी शाळेसमोरचा रस्ता पक्का झाला होता, हे सत्कारात कोणीच म्हणालं नाही.

आता जाऊबाईंविषयी. गेल्या वर्षी माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. ते ठणठणीत झाले. सकाळी बूढ़ा तालाबाला चक्कर मारून येतात, परतताना लपून जलेबी खातात. पण जाऊबाईंची, म्हणजे आमच्या ताईंची, झोप त्या ऑपरेशनपासून गेली ती गेलीच. रात्रभर त्या नवऱ्याचा श्वास ऐकत पडून राहतात. ते घोरले की आवाजाने झोप नाही, घोरणं थांबलं की भीतीने नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी देवघरात ठेवलीय, घेत नाहीत. "मी झोपली अन् इकडे काही झालं तर?" असं विचारतात.  चेहरा उतरलाय, दिवसा भाजी निवडता निवडता डुलकी लागते, आणि एकदा तर गॅसवर दूध ठेवून त्या बसल्या जागी पेंगल्या. तेव्हापासून आम्ही सगळेच घाबरलो आहोत.

माझ्या प्रकल्पाचं ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुह्या यादीनं झोप लागते म्हणते ना? मंग माह्यं नाव पहिलं लिही."

मी पहिलं लिहिलं. पण नाव पहिलं लिहिल्याने काही होत नसतं.

हॉलमध्ये आधी संमतीपत्रं वाटली. सर म्हणाले होते की भाग घेणाऱ्याला सगळं समजलं पाहिजे आणि केव्हाही बाहेर पडायची मुभा पाहिजे. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

काकूंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "सही कशाले पायजे वं? झोपायले सही?"

"काकू, नियम आहे. आणि मनात आलं तर केव्हाही सोडून जाता येईल."

"म्हणजे आताच जा म्हणून राहिली का? चहा तरी होऊ दे."

सह्या झाल्या. काकूंच्या सुनेने सासूच्या आधी सही केली नाही, सासूने चष्मा घरी राहिला म्हणून उशीर केला, तेवढ्यात चहा झाला. मग मी स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निघतील त्या अर्ध्या प्रायोगिक गटात, डब्यात उरतील त्या नियंत्रित गटात. चिठ्ठी काढायचा मान अध्यक्षांचा.

इथेच घोटाळा झाला. आमच्या मंडळात डब्यातून चिठ्ठी फक्त दिवाळीच्या कार्यक्रमात निघते, आणि जिची निघते तिला पैठणी मिळते. काकूंनी पहिली चिठ्ठी काढली, ती निघाली त्यांच्या स्वतःच्याच नावाची. टाळ्या पडल्या. दुसरी पंडरीवाल्या वहिनीची. पुन्हा टाळ्या. माझी मुलगी प्रत्येक विजेतीचा फोटो काढत होती. मी "हे बक्षीस नाही" असं दोनदा ओरडले, पण माझा आवाज टाळ्यांत गेला.

डब्यात चिठ्ठ्या उरलेल्या बायकांचे चेहरे असे झाले की जणू शेजारच्या घरी लग्नपत्रिका आली आणि यांच्या दारावरून माणूस तसाच पुढे गेला.

"आमच्यात काय कमी होतं?" एकीने विचारलं.

"काही कमी नाही. उलट तुम्हीच महत्त्वाच्या. तुमच्याशिवाय तुलना कशी करणार?"

"महत्त्वाच्या आहो तर मंग आम्हालेच दे ना."

मग ताई डब्यापाशी आल्या. त्यांची चिठ्ठी डब्याच्या तळाशी होती. त्यांनी ती स्वतः उचलली, उघडली, आपलंच नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे मले नाही?"

"ताई, तुम्ही नियंत्रित गटात."

"मी काय करायचं?"

"काही नाही. सकाळी फॉर्म भरायचा, रात्री झोप कशी लागली त्याचा."

"नाही लागत हे तुले माहीत आहे. त्याचा फॉर्म कशाले?"

मी त्यांना सरांचं सगळं सांगितलं. पंधरवडा संपला की नियंत्रित गटालाही यादीची पद्धत शिकवायची, हे सरांनी संमतीपत्रातच लिहून घेतलं होतं, ते दाखवलं. ताई म्हणाल्या, "हव." रायपुरात "हव" म्हणजे हो. पण ताईंच्या या "हव"मध्ये होकार फार थोडा होता.

निघताना दोन्ही गटांना मी लाडू सारखेच दिले. तेवढं एक तरी समान राहावं.

दुसऱ्या दिवसापासून ताईंचा फोन सुरू झाला.

"आज तरी सांग, काय लिहायचं असते ते."

"ताई, प्रयोग बिघडेल."

"अन् मी बिघडली तर?"

 मी सरांना फोन केला. सर म्हणाले, ज्या व्यक्तीला खरंच त्रास आहे तिला अडवून ठेवायचं नाही, सरळ प्रयोगातून बाहेर काढा आणि मदत करा. मला हायसं वाटलं. मी ताईंकडे गेले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला गटातून बाहेर काढते, मग यादी शिकवते."

ताईंच्या हातातली सुरी भाजीत थांबली. "आधी चांगल्या गटात नाही घेतलं. आता वाईट गटातूनही काढून राहिली?"

"तसं नाही, ताई."

"मंडळात काय सांगू? मले नापास केलं म्हणू? राहू दे. भरते मी तुह्या फॉर्म."

मी समजवायचा प्रयत्न केला. भासरे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "नको बोलू. ती आता भरणारच." आणि त्या भरू लागल्या. रोज.

आठवडा झाला तसा मी कसं चाललंय ते पाहायला घरोघर फिरले. आधी काकूंकडे. काकूंची प्रकृती सुधारलेली दिसली.

"झोप कशी, काकू?"

"एकदम फस्क्लास! यादी लिहिते, सुनेच्या खोलीच्या दाराखालून सरकवते, अन् झोपते."

"सुनेच्या?"

"मंग उद्याची कामं कोण करणार?"

मी सुनेकडे पाहिलं. ती नियंत्रित गटात होती. ती स्वयंपाकघरातून माझ्यामागे जिन्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या प्रयोगाच्या आधी मी चांगली झोपत होती." यादीचा परिणाम अगदी स्पष्ट होता: लिहिणारी झोपत होती, वाचणारी जागी होती.

तिथून पंडरी. वहिनीच्या दुकानात गादीवर साड्यांच्या घड्यांत उघडी वही ठेवलेली. समोर तीन गिऱ्हाइकं, तिघीही माझ्या नियंत्रित गटातल्या.

"वहिनी, हे काय?"

"अवं, त्या साडी पाहायले आल्या होत्या. मी म्हटलं, साडी नंतर, आधी यादी पाहा. मले तर रात्री असं वाटते की दुकान कोणी दुसरंच चालवून राहिलं."

"पण यांना यादी लिहायची नाहीये!"

त्यातली एक माझ्याकडे वळली. "काहून? तुमच्या डब्यात नाव नाही निघालं म्हणून आम्ही का झोपूच नाही?"

नंतर कळलं की आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रयोगाबाहेरच्या बायकाही लिहू लागल्या होत्या. एकीने यादीसाठी कुलुपाची डायरी घेतली. नियंत्रित गटातल्या दोघी तर प्रायोगिक गटाला मागे टाकायचं म्हणून आठवड्याभराची यादी एकाच रात्री लिहून काढत होत्या. ज्यांना मी काहीच करू नका म्हटलं होतं, त्या सगळ्यांत जास्त करत होत्या.

फक्त ताई लिहीत नव्हत्या. वहिनीने त्यांनाही वही दाखवायचा प्रयत्न केला होता. त्या म्हणाल्या, "तिनं नाही म्हटलं आहे. मंग नाही." मला हे वहिनीने सांगितलं, ताईंनी नाही. रागावलेलं माणूस इतकं सरळ वागलं की आपल्याला त्याच्यासमोर बसताही येत नाही. मी त्या दिवशी ताईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि भाजी घेऊन परत आले.

पंधरवडा संपायच्या आधीच फॉर्म परत येऊ लागले. मला कौतुक वाटलं, इतकी वेळेची शिस्त आमच्या मंडळात! मग काकूंचा फॉर्म पाहिला. शेवटच्या रात्रीपर्यंत सगळे रकाने भरलेले. "खूप छान", "खूप छान", "अति छान".

"काकू, या रात्री अजून आल्या कुठे?"

"पुढच्या हप्त्यात आम्ही डोंगरगढले जाऊन राहिलो. तुह्यं काम कशाले अडवून ठेवू?"

"पण तेव्हा झोप लागेल की नाही, आत्ता कसं कळणार?"

काकूंनी माझा हात हातात घेतला. "बाळ, तुले पास व्हायचं आहे ना? मंग आम्ही काय वाईट लिहू?"

बहुतेक सगळ्यांनी हेच केलं होतं. एकीने तर माझ्यावर उपकार म्हणून सगळ्या रात्रींपुढे "छान" लिहिलं आणि खाली "मॅडम खूप मेहनती आहेत" अशी टीपही दिली होती. मी या बायकांच्या घरी लहानपणापासून जेवलेली. मी प्रश्न विचारायचे आणि त्यांनी खरं सांगून मला नापास करायचं, असं कुठे होतं का? सर म्हणतात की संशोधकाने दारात उभं राहून फॉर्म घेऊ नये. आमच्याकडे दारात उभी राहिले असते तर आत न आल्याचा वेगळा राग धरला असता.

फॉर्म घेऊन सरांकडे गेले. त्यांनी एकेक बाजूला ठेवला. "सबकी नींद इतनी अच्छी है कि मुझे ईर्ष्या हो रही है," म्हणाले. मग ताईंचा फॉर्म हातात घेतला आणि थांबले. ताईंनी रोज एक ओळ लिहिली होती. "नाही लागली." "पहाटे लागली, हे खोकले, उठली." "नाही." "यांनी कूस बदलली तवा थोडी." सरांना मराठी वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं. त्यांनी सगळ्या ओळी वाचल्या.

"मैडम, आपके पास डेटा यही एक है।"

"मेरी जेठानी हैं, सर।"

"पहले इनको सुलाइए। थीसिस बाद में लिखिए।"

थीसिस मी लिहिली, जसं घडलं तसं. निष्कर्ष पानभर झाला. मर्यादांचं प्रकरण त्याहून खूप लांबलं, कारण काकूंची सून, पंडरीचं दुकान, न आलेल्या रात्रींचे फॉर्म, हे सगळं त्यात घालावं लागलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी ते प्रकरण वाचत असताना दोनदा पदर तोंडाला लावला. "इससे सिद्ध क्या हुआ?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "हमारे मंडळ पर कुछ सिद्ध नहीं हो सकता, मैडम।" त्यांनी मला पास केलं.

पण ताईंचं काम राहिलंच होतं. ज्या दिवशी फॉर्म सरांकडे पोचले त्याच्या दुसऱ्याच दुपारी मी मुलीला घेऊन ताईंकडे गेले. बरोबर कोरी वही, पेन आणि थोडी भीती. ताईंनी दार उघडलं. "आता लागला का माह्या नंबर?"

"लागला, ताई. बसा. उद्याची जी कामं डोक्यात आहेत ती सगळी लिहायची. बारीकसारीकही."

ताईंनी वही मांडीवर घेतली. पेन उघडलं. मग एकच ओळ लिहिली आणि वही माझ्याकडे दिली. "यांचा श्वास."

"ताई, हे काम नाही. उद्या करायची कामं लिहा."

"उद्या रात्री ऐकावा नाही लागणार का?"

भासरे झोपाळ्यावर होते. "श्वास मी घेऊन राहिलो, अन् थकून तू राहिली," ते म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. जलेबीचा वास येऊन राहिला तुमच्या शर्टाले."

त्यांनी शर्ट झटकला.

 माझ्या यादीतलं प्रत्येक काम कधी ना कधी होतं, किंवा कोणावर तरी सोपवता येतं. म्हणून मला झोप लागते. ताईंच्या यादीत एकच काम होतं, ते कधी संपणार नव्हतं आणि त्यांनी ते कोणालाच दिलं नव्हतं. ऑफिसात अशा कामाला एकच इलाज असतो. माणूस रजेवर जाताना टेबल दुसऱ्याच्या हवाली करतो, मगच निघतो.

"ताई, एक रात्र मी येते इथे. दादांच्या खोलीत खुर्ची टाकून बसते. तुम्ही आतल्या खोलीत झोपा."

"तू? तू तर यादी लिहिली की घोरायले लागते. तू काय ऐकशील?"

"माह्यावर पहारा बसवून राहिल्या का?" भासरे झोपाळा थांबवून म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात माझी मुलगी मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "बड़ी मम्मी, मैं आ जाती हूँ। मैं तो वैसे भी रात भर जागती हूँ। मोबाइल देखूँगी, बड़े पापा की साँस भी देख लूँगी।"

ताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. आमच्या घरात रात्री जागण्यावरून त्या पोट्टीने जेवढ्या शिव्या खाल्ल्या आहेत तेवढ्या कोणी खाल्ल्या नसतील, आणि त्यातल्या निम्म्या ताईंनीच दिल्या आहेत.

"काही झालं तर उठवशील मले?"

"हव, बड़ी मम्मी।"

"फोन ठेवून?"

मुलीने पहिल्यांदा मान उचलली. "आवाज़ बंद करके।"

ताई हसल्या. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी वहीत "यांचा श्वास" या ओळीपुढे मुलीचं घरातलं नाव लिहिलं आणि पेनला टोपण लावलं.

ही गोष्ट मार्चमधली. पहिली रात्र अजून झालेली नाही. आधी ताईंकडे पाहुणे होते, मग भासरे म्हणाले की पोरीसमोर मी बनियानवर कसा झोपू, मग त्यांना नवा कुर्ता-पायजमा शिवायला टाकला. आता ताई म्हणतात, पोट्टीची परीक्षा होऊ दे, उगाच अभ्यास बुडेल. मुलगी म्हणते, "मम्मी, एग्ज़ाम में तो मैं और जागूँगी।" पहिल्या रात्रीनंतर भरायला दिलेला ताईंचा फॉर्म कोरा पडलाय आणि त्या दिवसा अजूनही पेंगतात. या रविवारी दोघींना समोरासमोर बसवून तारीख ठरवायची आहे, आणि त्याआधी शिंप्याकडून पायजमा आणायचा आहे.